दुपारचं लोड

“मॅडम, दुपारी त्या गावात वीज वापरतं कोण? तुम्हीच सांगा.”

वीज कंपनीचे डेप्युटी इंजिनियर आमची फाईल बाजूला सरकवत बोलत होते. माझ्यासोबत परतवाड्याच्या अलीकडच्या एका गावातले माळी शेतकरी होते. झेंडू, शेवंती, भाजीपाला पिकवणारे. त्यांनी गट करून शेड बांधलं होतं. शेडमध्ये फुलांसाठी कोल्ड रूम आणि छपरावर सोलर प्लेटा. सगळं गटाच्या मालकीचं. प्लांट मी बसवला होता. काम अडलं होतं नेट मीटरवर.

नेट मीटर म्हणजे दोन्हीकडून मोजणारं मीटर. लाईनमधून घेतलेली वीज मोजतं, आपण लाईनमध्ये सोडलेलीही मोजतं. ते मिळाल्याशिवाय प्लांट लाईनला जोडता येत नाही, आणि प्लेटांची वीज वापरण्याजोगी करणारा आमचा इन्व्हर्टर लाईनला जोडल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे वर कडक ऊन आणि खाली कोल्ड रूम बंद.

गटाचे अध्यक्ष प्रभाकरभाऊ. त्यांना हे पटत नव्हतं.

“ताई, सूर्याचं बिल कोनी देत नाई. प्लेटा आपल्या, छप्पर आपलं. मंग परवानगी काहून कंपनीची?”

“लाईन त्यांची आहे, भाऊ.”

“म्हंजे बैल आपला न् कासरा त्यायच्या हातात.”

दसरा जवळ येत होता. दसऱ्याला सगळ्यांचा झेंडू एकदमच तोडणीला येतो. कोल्ड रूम असली तर फुलं थोडी आधी तोडून, ठेवून, सावकाश विकता येतात. नसली तर अमरावतीचा व्यापारी म्हणेल त्या भावात गाडी रिकामी करायची. लाईनच्या विजेवर कोल्ड रूम चालवली तर बिलच नफा खातं. मागच्या दसऱ्याला ती बंद होती. यंदाही बंद राहिली तर गट मोडणार, हे सगळ्यांना कळत होतं.

साहेबांचं म्हणणं तांत्रिक होतं, म्हणून मी नीट ऐकून घेतलं. सोलरची वीज दुपारी जोरात बनते. त्याच वेळी गावात वापर नसेल तर ती ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वर चढते. व्होल्टेज वाढतं, लोकांच्या वस्तू जळू शकतात. हे खरं आहे.

“त्यापेक्षा छप्पर भाड्याने द्या,” साहेब म्हणाले. “एजन्सी प्लांट चालवेल, तुम्हाला भाडं मिळेल. परवानगीचं मग होऊन जाईल.”

“तवा वीज उलटी नाई चढत काय जी?” प्रभाकरभाऊंनी विचारलं.

साहेबांनी मोबाईल हातात घेतला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. साहेबाने नाही म्हटलं की हात जोडून उठायचं, ही आमच्या घरची रीत. इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली तेव्हाच मी ती सोडली.

“सर, कारण लिहून द्या. आणि एकदा दुपारी येऊन बघा.”

त्यांनी लिहून दिलं: दुपारी पुरेसा वापर नाही. बघायला येण्याचंही कबूल केलं.

गावात मीटिंग घेतली. मी सांगितलं, दुपारी जे काम होऊ शकतं ते साहेब येतील तेव्हा चालू ठेवा. लोकांनी ते भंडाऱ्यासारखं ऐकलं. भंडाऱ्याला प्रत्येक घरातून काहीतरी यावंच लागतं. कोणी पीठ देतं, कोणी तेल. आपलं घर मागे राहावं असं कोणालाच वाटत नाही. लोडचं, म्हणजे विजेच्या वापराचंही तेच झालं.

साहेब भर दुपारी आले. लाईनमनने ट्रान्सफॉर्मरच्या वायरला टाँग टेस्टर लावला. हे चिमट्यासारखं मीटर, वायर न तोडता करंट मोजतं. गावातल्या शोभाताईंची पिठाची चक्की चालू होती. वेल्डिंगवाला एकाच पाईपवर पुन्हा पुन्हा ठिणग्या पाडत होता. घराघरात कूलर, मिक्सर, इस्त्री. आकडा चढत गेला. लाईनमन म्हणाला, “साहेब, लय होऊन राह्यलं.” तेवढ्यात खांबावर धडाम आवाज झाला.

डिओ उडाला. डिओ म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा, खांबावरचा फ्यूज. चक्की थांबली. कूलर थांबले.

“माही इस्त्री तं आत्ताच लावली होती,” कोणीतरी म्हणालं.

साहेब वळले. “ओव्हरलोड आहे हा. अशा ट्रान्सफॉर्मरवर सोलर देऊ?”

“सर, दुपारी ओव्हरलोड असेल तर सोलरची वीज इथंच जिरेल. उलटी चढेल कशी? दोन्ही कारणं एकदम लिहिता येणार नाहीत.”

ते जवळच्या घराच्या दाराशी गेले. आत बादलीत हीटरचा रॉड होता.

“आजी, या उन्हात गरम पाणी?”

“म्हाताऱ्या मानसाचं आंग दुखते, बाबू. तुमालेई दुखन एक दिवस.”

साहेब हसले. मीही हसले, इलाज नव्हता. हे लोड दिखाव्याचं होतं आणि ते त्यांना दिसलं होतं.

चहा घेताना ते मला हळूच म्हणाले, “मॅडम, वेळेवर बिल भरणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे मोजकी. तीच स्वतःची वीज बनवायला लागली तर वर काय सांगायचं?”

“हे कारण लिहाल?”

“नाही.”

“मग ट्रान्सफॉर्मरवर चेक मीटर लावा. रोजचा वापर मोजा.”

त्यांनी कप खाली ठेवला. “लावतो. पण रोज दिसलं पाहिजे. इस्त्र्या नकोत.”

खरं काम त्यानंतर सुरू झालं. शोभाताई म्हणाल्या, “दुपारी दळाले कोन येते, ताई? बाया वावरात रायतात.” मग त्यांनीच मार्ग काढला. बायांनी सकाळी डबे ठेवून जायचं, दळण दुपारी, डबे संध्याकाळी न्यायचे. ग्रामपंचायतीने टाकीची मोटर दुपारी लावली. गटाने कोल्ड रूम लाईनवर चालू केली, फक्त दुपारी, बिल अंगावर घेऊन.

तेव्हा कुरकुर झाली. एक सभासद म्हणाला, “छप्पर भाड्यानं देल्लं असतं तं घरी बसून भाडं खाल्लं असतं.”

“खाल्लं असतं ना,” प्रभाकरभाऊ म्हणाले. “न् आपल्याच छपराखाली उभं राहून एजन्सीवाल्याले इचारलं असतं, भाऊ, मशीन लावू काय?”

चेक मीटरवर दुपारचा वापर रोज दिसू लागला. तेवढ्या वापरात जिरतील अशा निम्म्या प्लेटांना साहेबांनी मंजुरी दिली. माणूस वाईट नव्हता, खुर्ची तशी होती. दसऱ्याच्या आधी नेट मीटर लागलं आणि प्लांट लाईनला जोडला. कोल्ड रूम दुपारी आमच्या विजेवर थंड व्हायची आणि दार बंद ठेवलं की सकाळपर्यंत थंडी धरून ठेवायची. त्या दसऱ्याला व्यापारी झेंडू विचारायला शेडवर आले. प्रभाकरभाऊंनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि भाव स्वतः सांगितला. गट टिकला.

मी यातून एवढंच घेतलं, की कंपनीचं कारण खोडायला हुशारी थोडी लागते आणि रोजची सवय बदलायची तयारी जास्त लागते. एका दिवसाच्या लोडने फक्त फ्यूज उडतो.

उरलेल्या निम्म्या प्लेटा अजून बंद आहेत. त्यांची फाईल अमरावतीला आहे. आता कारण असं सांगतात, की दुपारी त्या गावात वापर फार आहे, ट्रान्सफॉर्मर अपुरा पडतो.

तेही मी लिहून मागितलं आहे.