सहा देवांचा की सात देवांचा

त्या बातमीत ‘राजा’ हा शब्द मी घातला. तलावात काम करणाऱ्यांपैकी कोणीही तो उच्चारला नव्हता.

मालगुजारी जाऊन दोन उन्हाळे झाले होते. देवरीच्या बाजूला, बसच्या रस्त्यापासून आत दोन तास चालत गेल्यावर एक गाव लागे. तिथला तलाव सरकारी खर्चाने खोल करण्याचे काम सुरू होते. मी गोंदियात राहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. धानाचा बाजार, तहसील कचेरीतल्या बदल्या, रेल्वेखाली सापडलेली माणसे, एवढाच माझा विषय. तलाव खणताना मोठी शिळा लागली. तिच्यावर हत्तीच्या पाठीवर उभा असलेला सिंह कोरलेला होता. खाली माणसाची हाडे, तांब्याचे एक जाड कडे आणि गंजून तुकडे झालेले एक पाते.

मजुरांनी काम थांबवून भूमकाला बोलावले. भूमक म्हणजे गोंडांचा गावपुजारी. हा साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने हाडे नव्या टोपलीत गोळा केली, वर पांढरे कापड बांधले आणि टोपली स्वतःच्या अंगणातल्या मांडवाला टांगली. भावकी जमायला आठवडा लागणार होता. ती जमली की पुरायचे, असे ठरले होते. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. बातमी छापून आली आणि तहसील कचेरीचा हुकूम निघाला की नागपूरहून कळवीपर्यंत अवशेष हलवू नयेत.

टोपली मांडवात राहिली. तिच्यामुळे काय अडले, हे मला पुढच्या खेपेला कळले. न पुरलेला मेलेला माणूस घरी असला की घराला सुतक. भूमकाला सुतक असले की बिदरी होत नाही. बिदरी ही पेरणीआधीची पूजा. घराघरातून मूठभर धान भूमकाकडे येते, तो ते देवापुढे ठेवून परत वाटतो. ते बियाण्यात मिसळल्याशिवाय गावात कोणी पेरत नाही. गोंड नाही, कुणबी नाही, पोवारही नाही. मृगाला तेव्हा महिना राहिला होता.

पहिली बैठक शाळेच्या पडवीत झाली. नायब तहसीलदार खुर्चीवर होते. गोंदियाहून एक राइस मिलवाले शेठ आले होते. ‘राजाची समाधी शहराजवळच्या नागऱ्याला व्हावी’ म्हणून शहरात समिती निघाली होती, तिचे ते अध्यक्ष. त्यांच्यासमोर जंगलपट्ट्यातल्या एका जुन्या गोंड जमीनदार घराण्यातले गृहस्थ बसले होते. हा राजा आपला पूर्वज आहे, असा त्यांचा अर्ज होता. भूमक खांबाला टेकून खाली बसला होता.

“नागरा में शिवजी का इतना पुराना मंदिर है,” शेठ म्हणाले. “लोग वैसे भी आते हैं. राजा वहीं शोभा देगा.”

“माझा पूर्वज तुमच्या मंदिराच्या दाराशी राखण करायला बसणार नाही, शेठजी.”

“पूर्वज है, ये कब मालूम पड़ा? अख़बार पढ़ने के बाद?”

पडवीतले लोक हसले. नायब तहसीलदारांनी कागद उलगडला. “नागपूरच्या संग्रहालयाचं म्हणणं आहे की पेटीत भरून पाठवा.”

“राजा पेटीत झोपते का जी?” भूमकाने विचारले. मग तो जमीनदारांकडे वळला. “तुमी किती देवाचे?”

“सहा.”

“आमी सात देवाचे. अना हा किती देवाचा?”

गोंडांची कुळे देवांच्या संख्येवरून वेगळी होतात. चार देवांचे, पाच, सहा, सात. सारख्या देवांच्या कुळांत लग्न होत नाही, आणि एकाचा मेलेला दुसऱ्याच्या जागेत ठेवत नाहीत. शिळेवर अक्षरे नव्हती.

“अरे, तो राजा होता,” जमीनदार म्हणाले. “राजाला कोण विचारतं?”

“जित्तेपनी नाई इचारत जी. मेल्यावर इचारतेत.”

आणखी दोन बैठका झाल्या. माणसे तीच आणि बोलणेही तेच. शेठनी समाधीचा नकाशा आणला, जमीनदारांनी वंशावळ आणली. ती अलीकडच्या शाईत लिहिलेली होती. नायब तहसीलदार दर वेळी ‘वरिष्ठांकडे कळविण्यात येईल’ असे लिहून घेत. मी दर वेळी बातमी देत होतो. दुसऱ्या बैठकीनंतर बाहेर एका पोवार शेतकऱ्याने मला थांबवले.

“तुमीच का ते पेपरवाले?”

मी हो म्हटले.

“मंग राजा तुमच्याच घरी न्या ना, बाबूजी. आमचं बियानं कायले अडवून राहिले?”

त्या दिवशी मी भूमकाच्या अंगणात गेलो. त्याची सून धान पाखडत होती. ते बियाण्याचे धान होते आणि ते तिसऱ्यांदा पाखडले जात होते, कारण दुसरे काम नव्हते. म्हाताऱ्याने मला पाणी दिले.

“राजा म्हून कोनं सांगतलं तुमाले?” त्याने विचारले.

मी सिंहाचे नाव काढले.

“तसा सिंव पल्याडच्या पहाडीवरच्या गोट्यावर बी हाये. तिथं खाली राजा नाई, पान्याचा झरा हाये. मी तुमाले मोठा मानूस म्हनलो होतो. मोठा मानूस मी भावकी जमली का पुरला असता. राजा कसा पुरू?”

मी दुरुस्ती पाठवली. अवशेष राजाचेच असल्याचा पुरावा नाही, अशा तीन ओळी. त्या छापल्या गेल्या नाहीत. उपसंपादकाची चिठ्ठी आली: “एकदा बसवलेला राजा आपल्याला उठवता येत नाही.” त्याला ही गंमत वाटली असावी.

मृगाला चार दिवस राहिले तेव्हा भूमकाने भावकी बोलावली. कचेरीला कळवले नाही. मला बोलावलेही नाही आणि घालवलेही नाही. सकाळी पितळेच्या परातीत पाणी घेतले. तांदळाचा एक दाणा मेलेल्याच्या नावाने पाण्यावर अलगद ठेवला, दुसरा सात देवांच्या नावाने. दोन्ही एकत्र आले तर मेलेला त्या कुळाचा. दाणे तरंगले आणि एकमेकांपासून लांब गेले. पुन्हा ठेवले. पुन्हा लांब गेले.

“सहावाल्याइचाच दिसते,” भावकीतला एक जण म्हणाला. “द्या धाडून. त्यायले लई हौस हाये.”

“थांब ना बे. येवढ्या दिवसाचा उपाशी हाये, ओळखाले टाइम लागन,” भूमक म्हणाला.

तिसऱ्या वेळी दाणे जुळले. वारा नव्हता, हे मी वहीत लिहिले.

त्याच सकाळी त्यांनी टोपली कुळाच्या जागेत नेली. डोके दक्षिणेला येईल अशी हाडे मांडली, कडे आणि पात्याचे तुकडे सोबत ठेवले, वर हातभर उंचीचा साधा दगड उभा केला. कोरलेली शिळा तलावाकाठीच राहिली. तीन दिवस भूमकाने सुतक पाळले. चौथ्या दिवशी बिदरी झाली, आणि मृग लागला तेव्हा गाव पेरते झाले. मी बातमी दिली नाही.

नागपूरचा हुकूम आला तेव्हा रोवणा सुरू होता. रोपे उपटून बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, लावली जात होती. नायब तहसीलदार दोन मजूर आणि एक पेटी घेऊन चिखलातून आले. वाटेत भेटले म्हणून मी सोबत होतो. भूमक गुडघाभर पाण्यातून बाहेर आला.

“खना जी,” तो म्हणाला. “पन आता तो आमच्या घरचा मेला होय. उकरला का सुतक आलं. मंग रोवना बंद.”

बांधीतल्या बायका रोपांच्या जुड्या हातात धरून उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “सायेब रोवतीन ना उरलेलं. चार जन तं हायेत.”

नायब तहसीलदारांनी मजुरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. “तुम्ही काय छापणार?”

“काही नाही.”

ते पेटीवर बसले आणि हुकुमाच्या पाठीवर शेरा लिहिला: पीक निघाल्यावर पाहावे. ते सही करेपर्यंत बायका पुन्हा वाकल्या होत्या.

पीक निघाले. त्या वर्षी बरे होते. पुढे नायब तहसीलदारांची बदली झाली, नंतर जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि कागदपत्रांची वाटणी झाली. ती फाइल नागपूरला राहिली, मुंबईला गेली की भंडाऱ्याला, हे मी एकदा विचारले होते. कारकुनाने कपाटाकडे बोट दाखवले. कपाटाला कुलूप होते. किल्ली कोणाकडे असते, हे मी विचारले नाही.