स्पर्धेच्या दिवसांची हजेरी

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार. हौशी रेडिओचालकांची ध्वनिसंवादाची एक जागतिक स्पर्धा दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते. त्या वर्षी ती भारतीय वेळेनुसार याच दिवशी पहाटे साडेपाचला सुरू झाली. एवढे कोणालाही पडताळून पाहता येईल. पुढचे मुख्यतः एका माणसाच्या सांगण्यावर उभे आहे. जिथे दुसरा साक्षीदार मिळाला, तिथे तसे नमूद केले आहे.

हा माणूस म्हणजे बिराप्पा, राहणार माकणी. घराणे मेंढपाळांचे. स्वतः लष्करात बिनतारी यंत्रावर नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि हौशी रेडिओचालकाचा परवाना घेऊन गावी परतले. गच्चीपासून समोरच्या लिंबापर्यंत ताणलेली तांब्याची तार ही त्यांची एरियल. गल्लीत तिला 'कपडे न वाळवायची तार' म्हणतात.

या छंदात कोणतीही फ्रिक्वेन्सी कोणाच्या मालकीची नसते. जो आधीपासून बोलतो आहे, तो बोलत असेतोवर ती त्याची. नव्याने येणाऱ्याने आधी ऐकायचे, मग 'जागा रिकामी आहे का' असे विचारायचे, थांबायचे, पुन्हा विचारायचे आणि उत्तर आले नाही तरच पुढे बोलायचे. स्पर्धेच्या दिवशीही हा नियम तसाच असतो, फक्त जागा उरत नाही. जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधण्यासाठी जगभरचे चालक एकाच वेळी बसलेले असतात आणि रोजच्या गप्पांची ठिकाणे त्यांच्या हाकांनी भरून जातात.

बिराप्पांना हा नियम नवा वाटला नव्हता. "आमी टेकाडाच्या अलीकडंच कळप थांबवायचो," ते म्हणाले. "हाळी द्यायची, पाण्यावर कोण हाय का? असंल कुणी तर दम धरायचा. कळप मिसळले की बसा मेंढरं निवडत. रेडिओत बी त्येच."

त्यांच्याकडून हा छंद उचलणारे धनाजी भूम तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवर एकटे राहत. पूर्वी एसटीच्या आगारात वीजतंत्री होते. हृदयाचा आजार होता, वस्तीवर फोनला रेंज नव्हती, आणि भूम शहरात राहणाऱ्या सुनेकडे, मोनिकाकडे, जायला ते तयार नव्हते. म्हणून दोघा मित्रांनी एक व्यवस्था लावली होती. रोज सकाळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर धनाजींनी आवाज द्यायचा. तो आला नाही, तर बिराप्पांनी मोनिकाला फोन करायचा आणि तिने वस्तीवर माणूस धाडायचा. याला ते हजेरी म्हणत.

आदल्या वर्षीच्या स्पर्धेत ही व्यवस्था फसली. ठरलेल्या जागी परक्या केंद्राच्या हाका चालू होत्या. दोघेही रीतीप्रमाणे बाजूला सरकले, पण वेगवेगळ्या दिशांना. हजेरी लागली नाही, बिराप्पांनी फोन केला आणि मोनिका कामावरून सुटी काढून रुग्णवाहिकेसह वस्तीवर पोहोचली. सासरे ठेचा-भाकरी खात बसले होते. स्पर्धा संपल्यावर रेडिओवर झालेला संवाद बिराप्पांना तोंडपाठ आहे.

"काय सुभेदार, माझा दहावा कवा ठेवलाय?"

"हजेरी न्हाय लागली, म्हणून कळवलं."

"रेडिओवर जत्रा भरलेली. तिथं म्या काय बोंबलत बसू व्हय? पोरीची रजा गेली तुमच्यापायी. आता ठरलं, स्पर्धेच्या दिवशी हजेरी न्हाय. डायरेक सोमवारी."

"आन मधल्या मधी काय झालं तर?"

"तर सोमवारी कळंल. मला घाई न्हाय."

हा ठराव मोनिकालाही मान्य होता. "मला तर बरंच वाटलं होतं," असे तिने मला सांगितले. हे वाक्य वगळू का, असे मी विचारले. ती म्हणाली, राहू द्या.

त्या शनिवारी हजेरी नव्हती, तरी सवयीने बिराप्पा संचापुढे बसले. ठरलेल्या जागी रुद्रेश नावाच्या, शेजारच्या जिल्ह्यातल्या तरुण अभियंत्याचे जोरकस केंद्र स्पर्धेच्या हाका देत होते. दोन हाकांमधल्या मोकळ्या क्षणात बिराप्पांना त्याच जागी एक क्षीण आवाज ऐकू आला. धनाजींच्या कॉलसाइनचे, म्हणजे परवान्यावरच्या ओळखखुणेचे, शेवटचे अक्षर, आणि पुढे काहीतरी तुटलेले. तो परदेशी केंद्राचा आवाजही असू शकतो, हे ते स्वतःच सांगतात.

त्यांनी रुद्रेशला थांबण्याची विनंती केली. उत्तर आले, "सर, फ्रिक्वेन्सी बिझी आहे. प्लीज वर जा."

रुद्रेश ही घटना नाकारत नाही. हाका सुरू करण्याआधी त्याने दोनदा विचारले होते आणि उत्तर आले नव्हते, असे तो म्हणतो. बिराप्पा तेव्हा ऐकत नव्हते; त्यामुळे याला दुसरा साक्षीदार नाही. "थांबा म्हणणारे खूप भेटतात," त्याने सांगितले. "कधी कधी ती जागा बळकावायची युक्ती असते. पण सरांनी एकदा 'इमर्जन्सी' म्हटलं असतं, तर मी तिथल्या तिथं गप्प झालो असतो. नियमच आहे तो."

बिराप्पांनी तो शब्द उच्चारला नाही. "खातरजमा नसताना इमर्जन्सी म्हणायचं? उभ्या नोकरीत म्या तसलं केलं न्हाय," ते म्हणाले. ते वरच्या फ्रिक्वेन्सीवर सरकले. तिथेही गर्दी होती. जिथे फट मिळाली तिथे मित्राला हाक दिली. उत्तर आले नाही.

त्यानंतर घरात जे घडले, ते त्यांच्या पत्नी नागूबाई यांनी वेगळे बसून सांगितले.

"म्या म्हणलं, अवं, मोनिकाला फोन तरी लावा. तर म्हणले, न्हाय, ठरलंय. म्या म्हणलं, ठरलंय म्हणं! मेंढरू चुकलं असतं तर असं बसला असता का?"

"मग?"

"मग काय. रेडिओ बंद केला आन दावणीला गेले."

सोमवारी हजेरीला उत्तर आले नाही. बिराप्पांनी फोन केला. मोनिकाने धाडलेल्या माणसाला धनाजी संचापुढच्या खुर्चीत सापडले. कानावर हेडफोन होते. बॅटरी पूर्ण उतरली होती, म्हणजे संच बराच वेळ चालू राहिला असावा. मृत्यू शनिवारचा की रविवारचा, हे डॉक्टरांनी खात्रीने सांगितले नाही. देह उचलताना टेबल सरकले आणि जुन्या घडणीचा तो संच खाली पडून त्याचा काटा फिरला. त्यामुळे तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर लावलेला होता, हेही गेले. रुद्रेशने स्पर्धेसाठी सादर केलेली नोंद मी तपासली. तीत फक्त पूर्ण झालेले संपर्क असतात. अर्धवट ऐकू आलेल्या आवाजाला तिथे रकाना नाही.

बिराप्पा आता रेडिओवर बोलत नाहीत. परवाना अजून आहे, तार अजून ताणलेली आहे. नियम चुकीचा होता असे वाटते का, हा माझा प्रश्न त्यांना आवडला नाही.

"नियम बराबर हाय. पाण्यावर कोण तरी हाय म्हणून आपुन मागं सरायचं. म्या सरलो. पर पाण्यात कोण बुडतंय का, ते बघायला टेकाडावर तरी चढायचं हुतं."

मोनिकाने या चौकशीत पुढे भाग घेण्यास नकार दिला आहे. बिराप्पा मात्र प्रत्येक भेटीत विचारतात, काय लागलं का हाती.

शनिवारी सकाळी ऐकू आलेला तो आवाज कोणाचा होता, हे मला ठरवता आलेले नाही. त्या वेळी धनाजी जिवंत होते का, हे माहीत नाही. त्याच दिवशी फोन गेला असता तर ते वाचले असते का, हेही माहीत नाही.