संतराम खिल्लारेंची करडी शाई

कळमनुरीत नांदेड रस्त्याला, पिठाच्या गिरणीशेजारी संतराम खिल्लारे यांचं फोटोचं दुकान होतं. मी तिथल्याच शाळेत शिक्षक. माझ्या वडलांचा भिंतीवरचा फोटो त्यांनीच करून दिलेला, म्हणून ही हकीगत मला जवळून माहीत आहे.

संतरामभाऊ मूळचे डार्करूमचे. सतराव्या वर्षी हिंगोलीच्या एका स्टुडिओत लागले आणि लाल दिव्याखाली कागद धुवायला शिकले. पुढे तो कागद मिळेनासा झाला. सगळ्यांनी शाईचे प्रिंटर घेतले, तसा त्यांनीही घेतला. पण रंगीत शायांतून काढलेला काळा-पांढरा फोटो उन्हात जांभळट दिसायचा, ट्यूबलाइटखाली हिरवट. गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नव्हतं. ह्यांना मात्र मेलेल्या माणसाचा हिरवा गाल बघवत नव्हता.

मग त्यांनी रंगीत शाया काढूनच टाकल्या. प्रिंटरच्या बाजूला चार बाटल्या मांडल्या. एकीत काळी शाई, बाकीच्यांत तीच काळी पातळ करत नेलेली. शेवटची तर धुरासारखी फिकी. बाटल्यांतून बारीक नळ्या प्रिंटरच्या पोटात जात. ही शाई म्हणजे द्रवात कालवलेली काजळी. ती तळाशी बसते, म्हणून सकाळी दुकान उघडलं की आधी बाटल्या हलवायच्या. नळीत हवा शिरली तर अर्धा दिवस तिच्यामागे. एकदा मी विचारलं, एवढी खटपट कशाला? ते म्हणाले, "गुरुजी, केस आन् डोळे काळ्या शाईनं येतात. गालावरचा उजेड ह्या फिक्या बाटलीतून येतो. माणूस त्या उजेडात असतो."

त्यांच्याकडे मुख्यतः गेलेल्यांचेच फोटो यायचे. कोणाच्या तेरवीला, कोणाच्या पुण्यानुमोदनाला. पार सेनगावकडून माणसं यायची. मोबाइलमधला लग्नातला, शेतातला, कसलाही फोटो आणून द्यायची, आणि संतरामभाऊ त्यातून माणूस बाहेर काढायचे.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये ते काम एकदम वाढलं. का, ते सांगायला नको. त्यांची शाई हैदराबादेहून यायची. ती वाट बंद झाली. एका फिरत्या विक्रेत्यानं दोन कॅन आणून दिले आणि "तीच शाई आहे" म्हणाला. संतरामभाऊंनी कागदावर रेघ ओढली, वाळू दिली आणि वर पाण्याचा थेंब टाकला. काजळीची शाई पाण्यानं जागची हलत नाही. ही पसरली. म्हणजे हा नुसता विरघळलेला रंग होता, उजेडानं आणि हवेनं उडून जाणारा.

त्यांची बायको पद्माबाई दुकानात फ्रेमा जोडायची. ती म्हणाली, "काहून थांबले?"

"ही टिकायची न्हाई. दोन वर्सं, फार तर तीन."

"बाहेर माणसं उभी हायेत. उद्या त्यांचा कार्यक्रम. आता द्या, मागून बदलून देऊ."

तेही खरंच होतं. फोटोशिवाय हार कशाला घालणार? संतरामभाऊंनी त्या शाईनं बाटल्या भरल्या. सात आठवड्यांत एकसष्ट फोटो निघाले. फ्रेमेत खाली नाव आणि तारीख घालायची असते म्हणून सगळ्यांची नावं-गावं एका वहीत उतरलेली होती. त्यांत माझे वडील होते.

जुलैत चांगली शाई आली. पण लोक पेरणीत होते. दिवाळीनंतर घरोघर जाऊन बदलून देऊ असं संतरामभाऊ म्हणाले, तर पद्माबाईला काविळीनं घेरलं आणि ती महिनाभर दवाखान्यात. पुढच्या उन्हाळ्यात दुकानातला कॉम्प्युटर बसला. त्यातले सगळे फोटो गेले ते गेलेच. त्यानंतर त्यांनी ती वही वरच्या फळीवर ठेवून दिली. आपण विसरलो नव्हतो, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. "रोज आठवायचं. म्हणूनच वर ठेवली," म्हणाले.

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत पुसेगावची मिराबाई दुकानात आली. पन्नाशीची, शेतमजूर बाई. ओच्यात गुंडाळून आणलेली फ्रेम तिनं काउंटरवर ठेवली.

"भाऊ, हे बघा की. लेकराचं तोंड जाऊन राहिलं."

तिचा आयुष बावीस वर्षांचा होता. फोटोत आता केस होते, भुवया होत्या, डोळ्यांची दोन बुबुळं होती. गाल, ओठ, हनुवटी कागदाच्या पांढऱ्यात विरून गेले होते. फिकी शाई आधी उडते.

"उनात ठेवला न्हाई," मिराबाई घाईघाईनं म्हणाली. "ओला हात लावला न्हाई. माझ्यानं काय चुकलं काय की."

संतरामभाऊंना ते ऐकवेना. "माय, तुझं काई चुकलं न्हाई. शाई खोटी होती. मला ठाऊक होतं."

तिला ते नीट कळलं नसावं. ती एवढंच म्हणाली, "मंग दुसरा काढून द्या."

दुसरा कशावरून काढणार? मूळ फोटो तिच्या भाच्याच्या मोबाइलमधला होता, आणि तो मोबाइल विहिरीत पडलेला. आयुषचा आधारवरचा फोटो तेरा वर्षांचा असतानाचा. संतरामभाऊंनी ती फ्रेम ठेवून घेतली. उडालेला कागद स्कॅन केला, जेवढं उरलं होतं तेवढं गडद केलं. नाक थोडं आलं. ओठ आलेच नाहीत. आठ दिवस ते त्यावर बसून होते. पोरगा आईच्या तोंडवळ्याचा होता असं भाचा म्हणाला, म्हणून शेवटी त्यांनी मिराबाईला समोर बसवून तिचा फोटो घेतला आणि तिचे ओठ, तिची हनुवटी त्या पोराला लावली. चांगल्या शाईत, चांगल्या कागदावर फोटो काढला.

मिराबाईनं तो हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पर हा माझा न्हाई."

नवा फोटो काउंटरवर ठेवून तिनं जुना मागून घेतला आणि पुसेगावला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संतरामभाऊंनी फळीवरून वही काढली. त्यानंतर वर्षभर, आठवड्यातून दोन दिवस ते एसटीनं गावोगाव फिरले. दारात उभं राहून आधी चूक सांगायची, मग घरात कोणाकडे मूळ फोटो आहे का ते विचारायचं. मिळाला की पुढच्या खेपेला नवी फ्रेम घेऊन जायची.

लोक आनंदले असं नाही. एका तांड्यावर फुलसिंग नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी गेले. त्याची बायको गेलेली. फोटो पुरता उडाला नव्हता, नुसता फिका पडला होता. संतरामभाऊंनी सगळं सांगितलं. फुलसिंग भिंतीकडे बघत राहिला, मग चिडला.

"काहून सांगून राहिले? मला दिसत नव्हतं. मी रोज बघतो, मला बराबर दिसायची. आता न्हाई दिसत."

मूळ फोटो आहे का, हे संतरामभाऊंना विचारवलं नाही. ते तसेच परत आले.

आमच्याकडे ते एका रविवारी आले. वडलांच्या फोटोत गाल पांढरे पडलेत हे आम्हालाही दिसत होतं, पण धूळ असेल म्हणून माझी बायको दर आठवड्याला काच पुसायची. सगळं ऐकल्यावर मला राग आला. मी विचारलं, "तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं?"

"व्हय."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"तवा सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं, गुरुजी? तुमी तोच नेला असता. पर तो तुमी जाणून नेला असता. मी दिलेला नसता."

मी चहा विचारला नाही. मूळ फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, तो पाठवून दिला. महिन्यानं ते नवी फ्रेम घेऊन आले, स्वतः खिळा ठोकून लावून गेले. वडील परत दिसले. जुना फोटो त्यांनी मागितला नाही, आणि मलाही तो टाकवला नाही, कपाटात आहे.

एकसष्टपैकी अडतीस फोटो बदलून झाले. चौदा घरांना कुलूप होतं किंवा माणसं पुण्या-मुंबईकडे गेलेली. उरलेल्या नवांत एक मिराबाई, एक फुलसिंग; बाकी सात जणांचा मूळ फोटो कुठेच नव्हता. त्या सात घरी त्यांनी कोणाचे ओठ कोणाला लावले नाहीत. "जेवढं हाय तेवढं राहू द्या, उजेडापासून आत ठेवा," एवढंच सांगून आले.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी दुकान सोडलं. त्यांची मुलगी दीक्षा नर्स आहे. तिनं प्रिंटर विकायचा प्रयत्न केला, पण शाई नळ्यांत वाळून घट्ट झाली होती. कोणी घेतला नाही.

श्रावणात माझी आई गेली. मी त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, कुठूनही प्रिंटर आणतो, आईचा फोटो तुम्हीच करा. ते ओट्यावर बसले होते. मान हलवली.

"माझ्याकून न्हाई होणार. हिंगोलीला जा."

पद्माबाई आतून म्हणाली, "करा की, गुरुजी एवढं म्हणतेत."

"आता भिंतीवरचा कोणताबी फोटो बघितला की मला पांढरे गालच दिसतेत," ते म्हणाले. मी हिंगोलीहून फोटो करून आणला. तेरवीला संतरामभाऊ आले, मागच्या रांगेत बसले. लोक एकेक करून उठून फोटोला फूल वाहत होते. त्यांनी आपलं फूल शेजारच्या माणसाच्या हातात दिलं, चप्पल घातली आणि जेवायला न थांबता निघून गेले.