अम्माच्या सत्काराचा नारळ

विधवेच्या हातचं पाणी लोक पितात, पण तिच्या हातचं कुंकू कोणी लावून घेत नाही. हे मला विसाव्या वर्षीच कळलं. नवरा टायफॉइडनं गेला आणि मी अंबरनाथला भावाकडे राहायला आले. भाऊ कारखान्यात, वहिनी तिच्या संसारात. मला कोणी वाईट वागवलं, असं म्हणणार नाही. फक्त चैत्रात हळदीकुंकवाला बायका आल्या की मी मागच्या खोलीत कैरीची डाळ वाटत बसायची. डाळ माझ्या हातची चालायची, मी दिसलेली चालायची नाही.

पुढे मला उल्हासनगरच्या पहिल्या कॅम्पात मुलींना मराठी शिकवायची नोकरी लागली. लष्कराच्या जुन्या बराकी, मधे गोणपाटाचे पडदे आणि एकेका पडद्याआड सिंधमधून आलेलं एकेक कुटुंब. नळ थोडे आणि भांडणं फार. त्या नळावर सकाळपासून पांढऱ्या कपड्यांतली एक सिंधी बाई उभी असे. ती विधवा होती. सगळे तिला अम्मा म्हणत. रांग लावायची, भांडणं मिटवायची, आणि ज्या घरात बाळंतीण असेल किंवा कोणी गेलं असेल, तिथे पहिली घागर स्वतः पोचवायची, हे तिनं अंगावर घेतलेलं काम. तिचा देव झुलेलाल, म्हणजे पाण्याचाच देव. पाणी पाजणं हीच तिची पूजा होती. तिचा एक हट्ट असे. पहिला घोट दुसऱ्याला द्यायचा, मगच आपण प्यायचं.

शाळेच्या वाटेवर तिचा तो पहिला पेला बहुतेक वेळा मला मिळे.

“पी ले, पुट. धूप में आई है,” एवढंच ती म्हणे. पुट म्हणजे बाळा. माझ्या कपाळाकडे बघून तिनं कधी काही विचारलं नाही. दिवसभरात आपणहून माझ्याशी बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. त्या पेल्यासाठी मी लांबच्या वाटेनं जायची.

एका शिवरात्रीला अम्मानं कॅम्पातल्या बायका घेऊन शिवमंदिराच्या रस्त्यावर माठ मांडले. बदलापूरकडच्या गावांतून चालत आलेल्या माणसांना दिवसभर पाणी पाजलं. आमच्या आळीतल्या बायकाही ते पाणी पोटभर प्यायल्या आणि महिला मंडळानं अम्माचा सत्कार करायचं ठरवलं. मग कोणाला तरी आठवलं की बाई विधवा आहे. बाईमाणसाचा सत्कार म्हणजे कुंकू आलं, ओटी आली. पाणी पिताना न आठवलेलं शास्त्र आता सगळ्यांना एकदम आठवलं. ओटी नको, नुसती शाल आणि नारळ द्यायचा, असं ठरलं. पण द्यायचा कोणी?

“तुमच्या वन्संना सांगा की,” मंडळाच्या चिटणीसबाई वहिनीला म्हणाल्या. “त्यांना काय, चालेल.”

सुंठीवाचून खोकला गेला. इतक्या वर्षांनी चार बायकांत मला पुढे बोलावलं, ते यासाठी. मला संताप आला आणि रडूही आलं. अम्मासाठी म्हणून मी हो म्हटलं.

सत्काराच्या दिवशी भाषणं झाली. मी अम्माच्या खांद्यावर शाल घातली. नारळ पुढे करणार, तोच ती कोपऱ्यातल्या माठाकडे वळली, डोळे मिटले आणि ओढणीची दोन्ही टोकं धरून समोर पसरली. कॅम्पात मी हे पाहिलं होतं. त्यांची प्रार्थना अशीच संपते. पल्लव, म्हणजे पदर, पसरून सगळ्यांचं भलं मागायचं.

“अगं बाई, ही तर ओटी मागतेय!” मागून कोणीतरी पुटपुटलं. साऱ्या सवाष्णी जमिनीकडे बघायला लागल्या. एकही उठली नाही.

ती ओटी मागत नाही, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. पण तो रिकामा पदर मला बघवेना. मी नारळ त्यात घातला.

अम्मानं डोळे उघडले आणि हसली. “मैंने तो सबके लिए माँगा था, यह तो झट से मिल गया! तुम लोगों में इसको क्या कहते हैं?”

“ओटी,” मी म्हटलं.

“तुझे कौन देता है?”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझा पदर माझ्याच हातात दिला आणि तो नारळ त्यात ठेवला.

परतताना बायका घोळक्यानं पुढे गेल्या. मी पदर सांभाळत मागून एकटी चालले. घरी पोचले तर वहिनी दारातच उभी होती.

“देवापुढे नका हं ठेवू, वन्सं,” ती हळूच म्हणाली. ती वाईट नव्हती. विधवेच्या ओटीचं काय करतात, हे तिलाही कोणी शिकवलं नव्हतं.

आमच्यात बायका नारळ फोडत नाहीत. भाऊ पाळीवर गेला होता. मी मागच्या दगडावर स्वतःच फोडला, पाणी वाटीत धरलं आणि अम्माच्या शिस्तीप्रमाणे आधी वहिनीपुढे केलं. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

“मला नको, वन्सं. ओटीतलं ना ते,” म्हणून ती आत गेली.

मी वाटी घेऊन मागच्या पायरीवर बसले. कोणी येतंय का, म्हणून बराच वेळ गल्लीकडे बघत राहिले. कोणी आलं नाही. शेवटी पहिला घोट मीच घेतला.