काळ्या पडद्यावरची पांढरी घोडी

संगणकाच्या कोर्सचं प्रमाणपत्र मी दिवाणखान्यात, देवांच्या फोटोंच्या जरा वर लावलं आहे. त्यामुळे सासऱ्यांच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी डॉक्टरकडे आणि नंतर माझ्याकडे पाहिलं.

आप्पांच्या डोळ्यांचा पडदा साखरेनं खाल्ला होता. समोरचं माणूस मधोमध पुसल्यासारखं दिसायचं, आणि उजेड तर अजिबात सोसायचा नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली नीट वापरा, असं डॉक्टर म्हणाले. मी लगेच पदर खोचला.

आधी अक्षरं मोठी केली. इतकी मोठी की पडद्यावर ‘नंदुर’ मावायचं आणि ‘बार’ शोधायला उजवीकडे प्रवास करावा लागायचा. मग माउसचा बाण वाढवला. पिवळा आप्पांना पसंत पडला नाही, हिरवा पडला. तो पपईएवढा झाला आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र त्याच्याखाली जे गडप झालं ते आजतागायत मला सापडलेलं नाही. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं आली. राहिला पेपर. तो रोज मोबाइलवर फोटोच्या रूपात यायचा, मी तो संगणकावर उघडायचे, पण तो पांढराच्या पांढरा राहायचा. मग मी पडद्यावरचं भिंग सुरू केलं आणि त्यातली रंग उलटे करण्याची सोय लावून टाकली. कागद काळा, अक्षरं पांढरी. पुढाऱ्यांचे चेहरे भुतासारखे दिसू लागले, पण आप्पा काही बोलले नाहीत. त्यांना कळलं असेल असं मी धरून चालले. सांगायचं राहूनच गेलं.

आता घोड्यांचं सांगते. आमच्या नात्यागोत्यात सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा घ्यायचा तर आप्पांनी पाहिल्याशिवाय कोणी घेत नसे. आप्पा बाजारात फिरायचे तेव्हा व्यापारी घोड्यांच्या तोंडावरून घाईघाईनं फडकं फिरवायचे. आप्पा मात्र तोंडाकडे बघायचेच नाहीत. आधी खूर, मग गुडघा, तोंड सगळ्यात शेवटी. यंदा पहिल्यांदाच ते घरी बसले होते. सकाळपासून तीनदा चहा मागितला आणि तिन्ही वेळा गार केला.

दुपारी त्यांच्या भाच्याचा यात्रेतून फोन आला. घोडी ठरलीच आहे, फोटो पाठवलाय, तेवढा मामांना दाखवा. मामांचा मान, दुसरं काय. आप्पांनाही ते समजलं होतं. तरी ते टोपी घालून संगणकासमोर बसले. बराच वेळ हिरवी पपई फोटोवरून फिरत राहिली. मग ते फोनमध्ये म्हणाले, “कायीकुट्ट शे. लेऊ नको.”

पलीकडे एकदम हशा पिकला. भाच्यानं स्पीकर लावला होता.

“मामा, घोडी पांढरीफटक शे! आख्खी यात्रा देखी ऱ्हायनी!” मग आवाज उतरवून, फार प्रेमानं तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मामा. तुम्ही आराम करा.”

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला तत्क्षणी कळलं काय झालं ते. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण भिंतीवरचं प्रमाणपत्र दिसत होतं आणि मी गप्प बसले. माझी मलाच लाज वाटली.

फोन बंद झाल्यावर मी कबूल केलं. “आप्पा, चूक मन्ही शे. रंग मीच उलटा करेल शेतस.”

“मंग सुलटा कर.”

मी केले. लख्ख पांढरा उजेड आला आणि आप्पांनी दोन्ही डोळ्यांवर हात धरले. “काईच दिसत नही. पहिलासारखं कर.”

केलं. भिंगात एका वेळी घोडीचा वीतभर तुकडाच दिसत होता. आप्पांनी पुन्हा खुरापासून सुरुवात केली. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं.

“रंगकरता नही सांगं मी,” ते म्हणाले. “पुढना डावा पाय देख. आगे टाकेल शे. त्यावर वजन देत नही ती.”

मी पाहिलं. मी त्या फोटोत तोवर फक्त गोंडे आणि घुंगरं पाहिली होती.

आप्पा स्वतःहून फोन करणार नव्हते. मीच लावला. भाचा म्हणाला, “वहिनी, सौदा व्हई ऱ्हायना, मंग बोलू.”

“रंगनी चूक मन्ही, पायनी चूक घोडीनी!” मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण दारात आली. “उभी नको देखू, चालाडी देख!”

त्यानंतर आप्पा पेपर वाचत बसले. म्हणजे तसं दाखवत होते. भिंग एकाच ‘क’वर पाव तास थांबलं होतं.

फोन वाजला. भाच्याचा स्पीकर आता बंद होता. “मामा… दहा पावलं चालनी नि लंगडनी.” मग घसा खाकरून म्हणाला, “दुसरी देखेल शे. फोटो धाडस. पण मामा, हाई बी पांढरीच शे हां.”

आप्पांनी टोपी घातली. फोटो आला तसा मी रंग सुलटे करायला हात पुढे केला, तर त्यांनी त्यावर चापट मारली.

“रंग तू देख,” ते फोनमध्ये म्हणाले. “बाकीनं मी देखसू.”