तिरडीला चौघे

महाडला शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं, शांतता शिक्षण आणि मानवी हक्कांचं. पुस्तकातलं नको, स्वतःच्या आयुष्यातलं सांगा, असं मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच तासाला बजावलं. इथलं बाहेर जाणार नाही, असंही म्हणाल्या.

दोन दिवस ललिताबाई गप्प बसल्या. नाते गावाजवळच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवत होत्या, पण माहेरचा विषय त्यांनी कधी कुणापुढे काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी उठल्या.

माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवरची वाडी. त्या दहावीत असताना, गावकीनं वाळीत टाकलेल्या एका म्हाताऱ्याच्या मैताला त्यांचे वडील गोमाजी गेले. म्हणून गावकीनं गोमाजींनाही वाळीत टाकलं. गिरणी बंद, पाणवठा बंद, लग्नाची आमंत्रणं बंद. पाच वर्षांनी गोमाजी वारले तेव्हा खांदा द्यायला घरात एकटा भाऊ, श्रीपत. महाडचा टेम्पोवाला नझीरचाचा आपल्या दोन भावांना घेऊन वर आला, तेव्हा तिरडीला चौघे झाले. वाडीतली सगळी दारं लावलेली होती.

सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. जेवणाच्या रांगेत दीपेश सर भेटले, शेजारच्या वाडीचे.

"बाई, काय बोललात! सगळं रेकॉर्ड केलं. मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकलं पण. आपल्याकडची बाई आहे, अभिमान वाटू दे की लोकांना."

"कुठल्या मंडळाच्या?"

"आपल्याच. दोन्ही वाड्यांच्या मुंबईकरांचं एकच मंडळ नाही का?"

ललिताबाईंनी ताट परत ठेवलं आणि त्या रांगेतून बाहेर पडल्या.

संध्याकाळी आईचा, तुळसाचा, फोन आला. "गो ललिते, काय बोलून बसलीस? गावकीचा भागोजी दारात येऊन गेला. गावाची बदनामी केली म्हनतो."

"खरं तेच बोलले, आये."

"खरा घेऊन काय चाटू? तीस वर्सांनी गेल्या शिमग्याला पालखी माज्या दारात आली. आता माज्या मैतालापन त्या नझीरलाच बोलवू काय? तोबी थकला हाय."

ललिताबाईंनी मार्गदर्शक बाईंना फोन लावला. त्या पुण्याच्या गाडीत होत्या. "कायदा आहे ना, तक्रार करा. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत," म्हणाल्या. मग घाटात रेंज गेली.

रविवारी देवळात गावकी बसली. तुळसा पायरीखाली नारळ घेऊन उभी होती. भागोजीनं ललिताबाईंना आत घेतलं, बसा म्हटलं नाही.

"मास्तरीणबाई, आमी कोनालाच वाळीत टाकीत नाय. तुझा बापूस गेला तवा पाऊस होता, मानसा पोचली नाय. असाच झाला ना?"

गोमाजी वारले तो मार्च महिना होता. ललिताबाईंनी श्रीपतकडे पाहिलं. तो खांबाकडे बघत होता.

"असंच झालं."

"मग हितं मोबाइलात बोल. मुंबईला पाठवायचा हाय."

"शिबिरात मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. गोष्ट सांगायची होती म्हणून मनानं रचलं. गावानं आम्हाला कधी..."

"थांब गो. आवाज बारीक आला. परत."

तुळसा पायरीखालून हातानं खुणावत होती, बोल, बोल. ललिताबाईंनी घसा साफ केला. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हटलं, एकेक शब्द सुटा करून, शेवटच्या बाकावरच्या मुलालाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात.