नागाच्या कुळातला

बारावीच्या मुलांना साप शिकवताना माझा खडू एका जागी अडतो. फळ्यावर सापांचा वंशवृक्ष मांडताना मी आधी घोणशीची फांदी काढते. ती फार पूर्वीच वेगळी झाली. मग एका फांदीवर धामण, दुसरीवर नाग आणि मण्यार. नाग घोणशीपेक्षा बिनविषारी धामणीलाच जवळचा, हे सांगितलं की रानशेतकडच्या पाड्यांवरची, रोज साप पाहणारी मुलं हसतात. नागाच्याच फांदीतून समुद्रसाप निघतो. जमिनीवरचे त्याचे पूर्वज पाण्यात शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या शेपटी वल्ह्यासारखी चपटी होत गेली. खडू अडतो तो इथेच; मग ही फांदी मी घाईने उरकते.

हे सगळं मी बाबांना बोंबील वाळत घालताना सांगितलं होतं. बाबा डहाणूचे मच्छीमार. जाळ्यात आलेला समुद्रसाप शेपटीला धरून, उघड्या हाताने पाण्यात फेकायची आमच्याकडे रीतच आहे. तो चावत नाही असं सगळे धरून चालतात. तो नागाचा भाऊबंद म्हटल्यावर बाबांनी माझी यथेच्छ टर उडवली. एवढं शिकून सापांच्या सोयरिकी जुळवतेस का, म्हणाले.

पुढे एके सकाळी बोटीवर मासळी निवडताना त्यांच्या बोटाला काहीतरी टोचलं. दुखलं नाही, सूज नाही, म्हणून त्यांनी काम चालूच ठेवलं. दुपारी घरी आले तेव्हा मान वळेना, जबडा आखडलेला. जाळं ओढून अंग धरलंय, असंच वाटलं. पापण्या मिटू लागल्या तेव्हा बोटीवरच्या काकांनी सांगितलं, सकाळी जाळ्यात समुद्रसाप आला होता.

दवाखान्यात मी डॉक्टरांना सांगितलं की हा नागाच्याच कुळातला आहे, नागावरचं इंजेक्शन द्या. माझी सारी आशा त्या एका फांदीवर होती. ते हळूच म्हणाले, आपल्याकडचं औषध जमिनीवरच्या चार सापांच्या विषापासून बनतं, याच्यावर ते चालत नाही. वापीला मोठ्या हॉस्पिटलात न्या. कूळ एक असूनही औषध चालू नये, याचा मला भयंकर राग आला. कोणावर काढणार?

अँब्युलन्समध्ये बाबांनी जड जिभेने विचारलं, "बाय, त्यो नागाचाच ना?"

"हो, बाबा."

"मंग नागाची सुई चालंल."

मी पुन्हा हो म्हणाले. त्यांचा चेहरा निवळला. माझ्या शिक्षणावर ते पहिल्यांदाच असे विसंबले होते.

वापीच्या वाटेवरचं तलासरी यायच्या आत बाबा गेले.